भिंतीवरचं भक्कम मंडळ

४ जानेवारी

प्रिय मेहुणेबुवा,

आशीर्वाद. दुकानाचं शटर परवा शेवटचं ओढलं. ज्याने जागा घेतली तो तिथे मोबाइलची कव्हरं विकणार आहे. काच कापायचं टेबल त्याने फुकट मागितलं, मी दिलं नाही. ते आता आमच्या जिन्यात उभं आहे आणि तुझी ताई येता-जाता त्याच्यावर कोपर आपटून माझा उद्धार करते.

फोन करायचा सोडून पत्र लिहितोय, कारण आमच्या घरात फोनवर बोललेलं सगळं स्वयंपाकघरात ऐकू जातं. आणि हे सध्या तिथे जायला नको आहे.

दुकान बंद करण्याआधीची माझी शेवटची मोठी ऑर्डर एका छोट्या कंपनीची होती. सायकलच्या दुकानावर दोन खोल्या, मध्ये काचेचं पार्टिशन, टेबलावर तारा आणि डागकामाचा वास. हे लोक म्हाताऱ्यांसाठी काठी बनवतात. माणूस काठीसकट पडला की काठी आपोआप घरच्यांना फोन लावते. मालक तरुण आहे, सगळे त्याला काठीवाला म्हणतात. आयुष्यभर मला लोकांनी ‘अहो फ्रेमवाले’ म्हणून हाक मारली. हा मला सर म्हणतो.

ऑर्डर होती त्यांच्या सल्लागार मंडळाच्या फोटोंची. सहा फोटो, रुंद काळी पट्टी, आत पांढऱ्या पुठ्ठ्याचा माउंट, खाली पितळी पाटी. एक निवृत्त न्यायाधीश, एक हाडांचे मोठे डॉक्टर, एक परदेशातले प्राध्यापक, एक निवृत्त बडे अधिकारी, एक उद्योगपती आणि ती धावपटू, जिचा फोटो आपण पेपरात बघायचो. भिंतीवर ओळीने लावल्यावर मी मागे सरून पाहिलं आणि माझ्याच अंगावर काटा आला. एवढी माणसं ज्याच्या पाठीशी आहेत तो पोरगा बुडेल कसा?

दुकानाचे पैसे आमच्या दोघांच्या खात्यात नुसते पडून आहेत. तुझ्या ताईला त्यातून तळमजल्याचं घर हवंय. तिच्या गुडघ्यांना आता हे तीन जिने झेपत नाहीत, हे मलाही दिसतं. पण ते पैसे दोन वर्षं या कंपनीत ठेवले तर तळमजला तर येईलच, पुढे अंगणही येईल. तू एवढ्या मोठ्या ऑफिसात छोट्या कंपन्या तपासायचं काम करतोस. मला लांबलचक काही नको. ‘हो’ लिहून पाठव, म्हणजे झालं.

तुझा,
भावोजी

ता. क. ताईला यातलं काही माहीत नाही. तिला सुखद धक्का द्यायचा आहे.


११ जानेवारी

आदरणीय भावोजी,

नमस्कार. सकाळची प्रार्थना झाल्यावर पहिलं काम म्हणून हे लिहायला बसलो, कारण ‘हो’ लिहिण्याचा मोह टाळायला थोडं देवाचं पाठबळ लागतं. तुमच्याशी वाद घालून मी आजवर कधी जिंकलेलो नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. संचालक मंडळ वेगळं आणि सल्लागार मंडळ वेगळं. संचालकाने चूक केली तर कायदा त्याच्या घरी येतो. सल्लागाराच्या घरी फक्त दिवाणखान्यात ठेवायचं सन्मानचिन्ह येतं. त्याने सल्ला दिलाच पाहिजे असं नाही आणि दिला तर तो कुणी ऐकलाच पाहिजे असंही नाही. मग उरतो तो फोटो. आणि फोटो तुमच्यासारख्याने मढवला असेल तर तो कुणाचाही चांगलाच दिसतो. तुम्ही आमच्या लग्नाचा फोटो मढवलात तेव्हा मीसुद्धा कर्तबगार दिसू लागलो होतो.

पण सगळीच मंडळं शोभेची असतात असं म्हणणार नाही. आम्ही एकदा पंपाचे वॉल्व्ह बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात पैसे घातले. त्यांच्या मंडळावर एकच म्हातारा होता, ओतकामात हयात गेलेला. दर महिन्याला यायचा, तयार माल हातात घेऊन बघायचा आणि मालकाशी भांडायचा. मालकाला दुसरी शाखा काढायची घाई झाली होती. म्हाताऱ्याने अडवलं, मालक चडफडला, पण थांबला. पुढे बाजार बसला तेव्हा त्या थांबण्यामुळेच कारखाना वाचला. त्या म्हाताऱ्याचा फोटो कुठेही लावलेला नव्हता.

तेव्हा तुम्ही एवढंच करा. त्या सहा जणांना भेटा. मंडळ शेवटचं एकत्र कधी बसलं होतं, ते विचारा. तुम्ही काय सुचवलं आणि त्यातलं काय झालं, ते विचारा. या बदल्यात तुम्हाला काय मिळतं, हे जरा आडून विचारा. भेटायला निमित्त तुम्हाला सापडेलच.

त्या कंपनीचं नाव माझ्या कानावरून गेल्यासारखं वाटतं. नक्की आठवत नाही.

ताईला नमस्कार सांगा. म्हणजे सांगू नका, पत्राचं कळेल.

तुमचा,
धाकटा


२ फेब्रुवारी

प्रिय मेहुणेबुवा,

तुझी शंका कायमची मिटवणारं पत्र लिहितोय. सहाही जणांना गाठलं. निमित्त सापडलं: फ्रेमची एक-एक जास्तीची प्रत करून भेट म्हणून घेऊन गेलो. आपलाच फोटो काखेत घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाला कुणी परत पाठवत नाही.

न्यायाधीश साहेब फार साधे. काठीवाल्याच्या मामेभावाच्या लग्नात त्यांनी होकार दिला होता, एवढं त्यांना पक्कं आठवतं. कंपनी वेताच्या काठ्या करते अशी त्यांची समजूत आहे आणि या हस्तकलेला उत्तेजन मिळायला हवं असं ते कळकळीने म्हणाले. मी दुरुस्ती केली नाही. एवढ्या मोठ्या माणसाला कसं सांगायचं?

हाडांच्या डॉक्टरांचा कंपनीवर गाढ विश्वास आहे. त्यांच्या दवाखान्यातून जेवढ्या काठ्या खपतील तेवढ्यांवर त्यांना काही टक्के ठरलेत, हे त्यांच्या कंपाउंडरने सांगितलं. म्हणजे बघ, किती जवळून लक्ष घालतात.

अधिकाऱ्यांनी मला बसवून घेतलं आणि त्यांच्या बदल्यांचा सगळा इतिहास सांगितला. मध्ये मी दोनदा काठीचा विषय काढला. दोन्ही वेळा ते म्हणाले, ‘येतो त्याच्यावर,’ आणि मग जेवणाची वेळ झाली. उद्योगपतींच्या सेक्रेटरीने कॉम्प्युटरवर शोधून सांगितलं की साहेब बऱ्याच मंडळांवर आहेत आणि यातही दिसतात. परदेशातल्या प्राध्यापकांना मी मोबाइलवर सविस्तर निरोप लिहिला. त्यांच्याकडून उत्तरादाखल नुसतं अंगठ्याचं चित्र आलं.

धावपटूबाई मात्र मनमोकळ्या. म्हणाल्या, ‘काका, त्यांनी फोटो मागितला, मी दिला. तुम्ही छान मढवलाय.’

मंडळ एकत्र कधी बसलं, हे कुणालाच आठवत नाही. मला यातून एकच दिसतं, बाबा: एवढी मोठी माणसं, पण ढवळाढवळ म्हणून नाही. पोराला पूर्ण मोकळीक दिली आहे. आमच्या दुकानात तर प्रत्येक गिऱ्हाईक खिळा कुठे मारायचा ते शिकवायचं.

काठीवाल्याने खूश होऊन तुझ्या ताईसाठी एक काठी भेट दिली. वापरून बघतेय.

आता तरी ‘हो’ लिही.

भावोजी


५ फेब्रुवारी

बाळ्या,

ही तुझी ताई. ह्यांना न कळवता लिहितेय, तुम्ही दोघं मला न कळवता लिहिता तसंच. तुझं पत्र ह्यांच्या शर्टाच्या खिशात होतं आणि शर्ट मी धुते. यात हेरगिरी काही नाही. शाळेत असताना तू मास्तरांची चिठ्ठी अशीच खिशात ठेवायचास.

त्या काठीचं सांगते. काठी चांगली आहे, मुठीला पकड आहे. पण घरात कुणी चोवीस तास काठी हातात धरून बसत नाही. कणीक मळताना मी ती ओट्याला टेकवते, ती घसरते, आडवी होते आणि ह्यांना फोन जातो: ‘आपल्या घरातील व्यक्ती पडली आहे.’ पहिल्या दिवशी हे न्हाव्याकडे होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून गळ्यातल्या फडक्यासकट तीन जिने चढून आले. मी दारात लाटणं घेऊन उभी. मी धडधाकट दिसल्यावर त्यांना आनंद होईल असं वाटलं होतं, पण ते माझ्यावरच चिडले.

मग काठी रोज पडू लागली. भिंतीवरून, खुर्चीवरून. शेजारणीच्या मांजराने एकदा मुद्दाम पाडली. आता फोन वाजला की हे उचलतच नाहीत. उद्या मी खरोखर पडले तर काठी बिचारी फोन करत बसेल आणि हे म्हणतील, मांजर असेल.

त्या सहा मोठ्या माणसांपैकी एकाने तरी ही काठी एक दिवस घरात ठेवली होती का? मला त्यातलं काही कळत नाही, म्हणून विचारते.

पैशांचं मला माहीत आहे, हे त्यांना सांगू नकोस.

तुझी,
ताई


९ फेब्रुवारी

आदरणीय भावोजी,

नमस्कार. तुमचं पत्र मी ऑफिसात वाचलं आणि हसू लपवायला खोकल्याचं सोंग करावं लागलं.

भावोजी, तुम्ही ज्याला मोकळीक म्हणता त्याला आमच्या धंद्यात गैरहजेरी म्हणतात. एकाला काठी वेताची वाटते, एकाला ती ऐकायचीच नाही, एकाने फक्त अंगठा पाठवला. डॉक्टर तेवढे जागे आहेत, पण त्यांचा डोळा काठीवर नाही, टक्क्यांवर आहे. काठी फसली तर त्यांना एवढंच वाईट वाटेल की कमी खपल्या. यांच्यापैकी कुणी काठी घरी नेली होती का? घरात ती टेकवून ठेवली तर काय होतं, हे कुणी पाहिलं का? हे मी सहज विचारतोय, मला कुणी काही सांगितलेलं नाही.

मंडळ खरं काम करत असेल तर तिथे कधी ना कधी खटका उडतो. जिथे खटका उडाला नाही तिथे एक तर सगळे झोपलेत, नाही तर बोलणारा माणूस बाहेर गेलाय. म्हणून आम्ही मंडळात कोण आहे याच्या आधी मंडळातून कोण गेलं ते बघतो. निदान बघायला हवं. असं कुणी गेलं का, तेवढं शोधा. तोवर चेकवर सही नको.

तुमचा,
धाकटा


२० फेब्रुवारी

मेहुणेबुवा,

कुणी गेलं का, असं तू विचारलंस आणि मी कपाळाला हात लावला. गेलं होतं, आणि ते माझ्याच हातून. ऑर्डरच्या वेळी काठीवाल्याने पाच कोऱ्या फ्रेम मागितल्या आणि सहावी जुनी, भरलेली आणून दिली. म्हणाला, ‘सर, यातल्या बाई काढा आणि न्यायाधीश साहेब बसवा.’ मी मागचा पुठ्ठा उचकटला, बाई काढल्या, साहेब बसवले. आपण काय, मापात बसतं ना एवढंच बघतो. फोटो मात्र फेकवला नाही. माणसाचा फोटो कचऱ्यात टाकायला माझं मन धजत नाही. मागे त्यांच्या दवाखान्याचा शिक्का होता, त्यावरून त्यांना गाठलं.

बाई फिजिओथेरपिस्ट आहेत, सत्तरी ओलांडलेल्या, स्वतः काठी घेऊन चालतात. त्यांची काठी टेबलाला टेकवली तरी पडत नव्हती. खाली रबरी तीन पायांचं बूड आहे, ती आपली आपण उभी राहते. त्या म्हणाल्या, ‘मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. काठीला पाय लाव, आणि मुठीत हात असेल तेव्हाच तिने फोन करावा असं कर. पहिल्यांदा तो वा म्हणाला, दुसऱ्यांदा बघतो म्हणाला, तिसऱ्यांदा मी त्याच्या कामगारांच्या बैठकीत सगळ्यांसमोर बोलले, तेव्हा चहा आणायला उठला. पुढच्या आठवड्यात माझ्या जागी न्यायाधीश होते. मुलगा वाईट नाही हो, पण त्याला टाळ्या लवकर हव्यात.’

मी तिथून तडक काठीवाल्याकडे गेलो. चांगलं फैलावर घेतलं. तो आधी गडबडला, मग म्हणाला, ‘सर, मंडळ कच्चं असतं तर मोठ्या ऑफिसातून आलेल्या साहेबांनी नावं ठेवली असती. ते तर या भिंतीकडे बघून म्हणाले, मंडळ भक्कम आहे.’

मी म्हटलं, कोण साहेब? म्हणाला, नाव लक्षात नाही, डिसेंबरात आले होते. मध्यम वयाचे, शांत, चष्मा शर्टाच्या टोकाने पुसायचे, चहाच्या आधी डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि दुपारच्या बसने परत गेले.

चहाच्या आधी डोळे मिटून पुटपुटणारा आणि चष्मा शर्टाने पुसणारा साहेब माझ्या ओळखीत एकच आहे. कंपनीचं नाव तुझ्या कानावरून गेल्यासारखं वाटत होतं म्हणे. मला मंडळाची उलटतपासणी शिकवलीस आणि स्वतः भिंत बघून शेरा मारलास. ‘भक्कम’ हा शब्द मी खिळ्यासाठी वापरतो, तोही खिळा ओढून बघितल्यावर.

त्याहून वाईट म्हणजे तू गावात आलास, बहिणीच्या घरापासून दोन गल्ल्या अलीकडे चहा प्यायलास आणि परत गेलास. हे मी ताईला सांगितलं तर तुझं काय होईल याचा विचार कर आणि मग मला उपदेश कर.

भावोजी


२४ फेब्रुवारी

आदरणीय भावोजी,

नमस्कार. पकडला गेलो. त्या दिवशी एकाच फेरीत चार कंपन्या उरकायच्या होत्या. मी आत शिरलो, खुर्चीत बसलो आणि समोर ती भिंत. रुंद काळी पट्टी, पांढरा माउंट, पितळी पाट्या, एकही फ्रेम तिरकी नाही. मनात आलं, जो माणूस आपल्या सल्लागारांना इतक्या आदराने लावतो तो त्यांचं ऐकतही असणार. आणि अहवालात ‘मंडळ भक्कम’ लिहून टाकलं.

म्हणजे मला तुमच्या फ्रेमने फसवलं, त्या काठीवाल्याला माझ्या शब्दाने फुगवलं आणि तुम्हाला आम्ही दोघांनी मिळून. यात त्या सहा जणांचा काडीचाही हात नाही. ते बिचारे नुसते बघत होते.

अहवाल मी काल मागे घेतला. आमचे साहेब मला दहा मिनिटं बोलले, ते इथे लिहीत नाही. आता आम्ही काठीवाल्याला कळवलंय: त्या बाईंना परत घे, दर महिन्याला त्यांच्यासमोर काठी टेकवून दाखव, काठीला पाय फुटले की मग बोलू. ऑफिसचे पैसे बुडाले तर ऑफिस उभं राहतं. तुमचे बुडाले तर ताई तीन जिने चढत राहील. तुम्ही एक पैसाही घालू नका. मी हात जोडतो.

आणि डिसेंबरातल्या त्या बसचं ताईला कळवू नका. घरी आलो असतो तर तिने जेवल्याशिवाय सोडलं नसतं आणि पुढच्या दोन कंपन्या राहिल्या असत्या. खरं कारण एवढंच आहे, आणि ते सांगायची माझी छाती नाही.

तुमचा,
धाकटा


१० मार्च

बाळ्या,

डिसेंबरचं मला डिसेंबरातच कळलं होतं. काठीवाल्याच्या खालच्या सायकलवाल्याची बायको माझ्याबरोबर भाजी आणते. ‘तुमच्या भावासारखा एक माणूस वर गेला,’ म्हणाली. मी म्हटलं, भाऊ असता तर घरी आला असता. तेव्हापासून तू कधी कबूल करतोस याची वाट बघत होते.

तर आता ऐक. तळमजल्याचं घर झालं. दोन खोल्या, दारात पायरी एकच, मागे कपडे वाळत घालायला जागा. बयाणा जानेवारीतच दिला, तुझं पहिलं पत्र खिशात सापडलं त्याच आठवड्यात. खात्यावर दोघांच्या सह्या लागतात. मी चेकबुक समोर ठेवलं, बोट ठेवलं तिथे ह्यांनी सही केली. डोळे काठीच्या जाहिरातीत होते. फेब्रुवारीत उरलेल्या रकमेच्या चेकवरही तशीच केली. तुम्ही दोघं ज्या पैशांवरून एवढे भांडत होतात ते पैसे खात्यात नव्हतेच.

मग मी तेव्हाच का बोलले नाही, असं तू विचारशील. दुकान विकायचं ठरलं त्या दिवसापासून हे खिडकीत बसायचे. दाढी दोन-दोन दिवस नाही. कुणी काही विचारायला येत नाही, पट्टी कुठली लावू, काच साधी की बिनचकाकीची, काही नाही. तुझं पत्र आलं आणि हे उठले. सहा फ्रेम केल्या, इस्त्रीचे कपडे घातले, न्यायाधीशांकडे काय गेले, अधिकाऱ्यांकडे काय जेवले. घरी आले की मला प्रत्येकाची नक्कल करून दाखवायचे, फक्त कशासाठी गेलो होतो ते गाळून. असे महिने मला फुकट मिळाले. मी ते कशाला मोडू?

परवा त्यांना नवं घर दाखवलं. सगळं सांगितलं. आधी त्यांनी दोन्ही चेकच्या झेरॉक्स मागितल्या. मग स्वतःची सही दोनदा बघितली, आणि भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करून म्हणाले, ‘वीट चांगली आहे, खिळा धरेल.’ म्हणजे राग संपला.

सामान बांधताना कपाटाच्या मागे वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक फ्रेम सापडली. रुंद काळी पट्टी, पांढरा माउंट. आत हे, कुणाचा तरी टाय लावून, मान ताठ. खाली पितळी पाटी: ‘सल्लागार’. पैसे घातले की सातवी जागा तुमची, असं त्या पोराने कबूल केलं होतं म्हणजे. तुला एका शब्दाने लिहिलं नसेल, मलाही सांगितलं नाही. मी होती तशी गुंडाळून ठेवली. त्यांनी ती आजतागायत बाहेर काढलेली नाही आणि मी काही बघितलेलं नाही. तूही नाही.

रविवारी ये. स्टँडवरून सरळ घरी. आलास की त्यांना काहीतरी विचार. तुझ्या ऑफिसचं, घराचं, कशाचंही, पण खरं अडलेलं विचार, उगाच विचारल्यासारखं नको, त्यांना लगेच कळतं. जेवून झाल्यावर विचार, घाई करू नकोस. जे सांगतील तसं कर. आणि केल्यावर त्यांना कळव. पत्रानेच कळव, म्हणजे ते खिशात ठेवतील आणि मला वाचायला मिळेल.

ताई